किती ग्रॅम? हुबळी-धारवाडचे पाणी आणि द्राव्याच्या वजनाचे गणित

म्हादईच्या वादामुळे हुबळी-धारवाडच्या तहानेचे गणित गोमंतकातील वाचकाला टीएमसीच्या भाषेत पाठ झाले आहे. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कळसा नाल्यातून १.७२ आणि भंडुरा नाल्यातून २.१८, असे एकूण ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यासाठी कर्नाटकाच्या वाट्याला दिले आणि हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. या अवाढव्य मापांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. परंतु तेच पाणी नळातून पेल्यात पडते, तेव्हा ते पिण्याजोगे आहे की नाही हे ठरवणारे माप अगदी लहान असते. ते माप म्हणजे एका लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम क्लोरीन.

हे एक-दोन मिलिग्रॅम कसे मोजायचे, त्यासाठी तराजूत किती ग्रॅम पदार्थ घ्यायचा आणि घेतलेले वजन बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे, हा रसायनशास्त्रातील प्राथमिक प्रश्न आहे. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्याला तो प्रयोगवहीत भेटतो, पंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला टाकीवर भेटतो आणि पावसाळ्यात घरच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्या गृहस्थालाही भेटतो. तिघांचे सूत्र एकच आहे. चुकण्याच्या जागाही बहुतांशी त्याच आहेत.

सूत्र आणि त्यातील तीन राशी

जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य, ज्यात विरघळतो तो द्रावक आणि दोहोंचे एकजीव मिश्रण म्हणजे द्रावण. ठरावीक आकारमानाच्या द्रावणात द्राव्य किती आहे हे सांगणाऱ्या राशीला संहती म्हणतात. ती सांगण्याच्या तीन पद्धती व्यवहारात रूढ आहेत.

पहिली पद्धत मोलारतेची. एक लिटर द्रावणात द्राव्याचे जितके मोल, तितकी त्याची मोलारता. प्रयोगशाळेत हेच माप चालते, कारण रासायनिक अभिक्रिया मोलच्या प्रमाणात घडतात. दुसरी पद्धत टक्क्यांची. १०० मिलिलिटर द्रावणात जितके ग्रॅम द्राव्य, तितके टक्के. रुग्णालयातील सलाईन ०.९ टक्के असते, म्हणजे त्याच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. तिसरी पद्धत मिलिग्रॅम प्रतिलिटरची. अतिशय विरल द्रावणांसाठी, विशेषतः पिण्याच्या पाण्यासाठी, ती वापरतात. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलो, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम असल्यामुळे पाण्याच्या बाबतीत मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, ही मापे व्यवहारात सारखीच मानली जातात.

मोलारता दिलेली असेल तर सूत्र असे :

द्राव्याचे वस्तुमान (ग्रॅम) = मोलारता × मोलर वस्तुमान × द्रावणाचे आकारमान (लिटर)

मिलिग्रॅम प्रतिलिटर दिले असेल तर ते आणखी सोपे होते :

द्राव्याचे वस्तुमान (मिलिग्रॅम) = संहती (मिलिग्रॅम प्रतिलिटर) × आकारमान (लिटर)

बाजारात मिळणारा पदार्थ शंभर टक्के शुद्ध नसेल, तर निघालेल्या आकड्याला शुद्धतेची दुरुस्ती लावावी लागते :

तराजूत घ्यायचे वजन = आवश्यक वस्तुमान × १०० ÷ शुद्धतेची टक्केवारी

गणित एवढेच. मात्र सूत्रात घातलेली प्रत्येक राशी खरी असेल तरच उत्तर खरे येते. म्हणून वजन करण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे हाती असावी लागतात. बाटलीतला पदार्थ नेमका कोणता आणि किती शुद्ध आहे? द्रावणाचे अंतिम आकारमान किती आहे? आणि घातलेल्या द्राव्यापैकी शेवटी शिल्लक किती राहणार आहे? हुबळी-धारवाडच्या पाण्याच्या उदाहरणात हे तिन्ही प्रश्न एकापाठोपाठ एक उभे राहतात.

दोन शहरांचे पाणी

१९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड यांची मिळून एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार या जोडशहराची लोकसंख्या सुमारे ९ लाख ४४ हजार होती. शहराला पाणी प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येते. एक, सौंदत्तीजवळ मलप्रभेवर बांधलेला रेणुकासागर जलाशय, ज्याचे पाणी अम्मिनभावी येथे शुद्ध केले जाते. दुसरा, पावसाच्या भरवशावर भरणारा नीरसागर जलाशय, ज्याचे शुद्धीकरण केंद्र कणवीहोन्नापूर येथे आहे. मलप्रभेचा उगम खानापूर तालुक्यातील कणकुंबीचा. गोव्याची हद्द तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

एवढ्या मोठ्या शहराला रोज किती क्लोरीन लागेल? नागरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने ९ लाख ४४ हजार लोकांना रोज सुमारे १२ कोटी ७४ लाख लिटर पाणी लागेल. एका लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे ठरवले तर २५ कोटी ४८ लाख मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २५५ किलो क्लोरीन लागेल. हा प्रत्यक्ष वापराचा आकडा नव्हे, गणिताचा नमुना आहे. त्यावरून एक गोष्ट मात्र उमगते. हेच काम २५ टक्के उपलब्ध क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरने करायचे म्हटले, तर २५५ ला ०.२५ ने भागावे लागेल आणि उत्तर येईल १,०२० किलो. रोज एक टन पावडर कालवणे, तिचा चुनखडीचा गाळ काढणे आणि प्रत्येक पोत्याची ताकद तपासणे जिकिरीचे ठरते. मोठी शुद्धीकरण केंद्रे सहसा सिलिंडरमधील द्रवरूप क्लोरीन का पसंत करतात, याचे एक कारण या भागाकारात आहे. तेथे द्राव्य जवळजवळ शुद्ध असते आणि शुद्धतेची दुरुस्ती करावी लागत नाही. पंचायत, सोसायटी किंवा घर यांच्या पातळीवर मात्र ब्लीचिंग पावडरच वापरात आहे, आणि पहिला प्रश्न तेथेच उभा राहतो.

पदार्थ नेमका कोणता?

ब्लीचिंग पावडर, म्हणजे पाठ्यपुस्तकातील विरंजक चूर्ण आणि आरोग्य खात्याच्या बोलीतील टीसीएल, पाण्यात पूर्णपणे विरघळत नाही. तिच्यातील चुना तळाशी बसतो आणि हायपोक्लोराइट पाण्यात उतरते. जंतू मारण्याचे काम हा उतरलेला भाग करतो. म्हणून पावडरीचे मोल तिच्या वजनावर ठरत नाही, ते उपलब्ध क्लोरीनच्या टक्केवारीवर ठरते. ताज्या, चांगल्या पावडरीत ही टक्केवारी सुमारे ३३ असते. हवा, ओल, ऊन आणि उष्णता यांच्या संपर्काने ती घटत जाते. गोव्यासारख्या दमट हवेत उघड्या तोंडाचे पोते पावसाळाभर पडून राहिले, तर वजन जवळपास तेवढेच भरते, पण त्यातील क्लोरीन निघून गेलेला असतो.

ही टक्केवारी शोधून काढण्याचा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे होत आला आहे. धारवाड हे तर अशा प्रयोगशाळांचेच शहर. १९१७ मध्ये स्थापन झालेले कर्नाटक महाविद्यालय, कर्नाटक विद्यापीठ आणि १९८६ मध्ये सुरू झालेले कृषी विज्ञान विद्यापीठ, अशा तिन्ही संस्था येथे आहेत. प्रयोगाची रीत अशी : पावडरीचे पाण्यात केलेले मिश्रण घ्यायचे, त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक आम्ल घालायचे. जितका उपलब्ध क्लोरीन असेल, तितके आयोडीन मुक्त होते. हे आयोडीन मग सोडियम थायोसल्फेटच्या प्रमाणित द्रावणाने अनुमापन करून मोजायचे. शेवटाकडे स्टार्च घातले की निळा रंग येतो आणि आयोडीन संपताक्षणी तो नाहीसा होतो. ब्युरेटवरील आकडा टिपायचा तो त्या क्षणी.

या प्रयोगासाठी ०.१ मोलार थायोसल्फेटचे एक लिटर द्रावण हवे आहे, असे समजू. किती ग्रॅम घ्यावे?

सोडियम थायोसल्फेटचे मोलर वस्तुमान १५८ आहे. त्यात सोडियमच्या दोन अणूंचे ४६, गंधकाच्या दोन अणूंचे ६४ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे ४८ येतात. परंतु प्रयोगशाळेत सामान्यतः मिळणाऱ्या स्फटिकरूप थायोसल्फेटच्या प्रत्येक घटकासोबत पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. या स्फटिकजलाचे वजन पाच गुणिले १८, म्हणजे ९०. तेव्हा बाटलीतल्या पदार्थाचे मोलर वस्तुमान २४८ झाले. योग्य उत्तर : ०.१ × २४८ × १ = २४.८ ग्रॅम.

एखाद्याने बाटलीवरचे लेबल पुरते न वाचता १५८ हा आकडा घेतला, तर तो १५.८ ग्रॅम स्फटिक तोलेल. त्यातून तयार होणारे द्रावण १५.८ ÷ २४८, म्हणजे ०.०६४ मोलारच्या जवळपास असेल, पण बाटलीवर मात्र ०.१ असे लिहिले जाईल. आता या चुकीचा प्रवास पाहण्यासारखा आहे.

०.१ मोलार थायोसल्फेटचा एक मिलिलिटर ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरीनच्या बरोबरीचा असतो. ब्लीचिंग पावडरचा २५० मिलिग्रॅमचा नमुना खऱ्या ०.१ मोलार द्रावणाने तपासला आणि १७.६ मिलिलिटर लागले, तर उपलब्ध क्लोरीन १७.६ × ३.५४५, म्हणजे ६२.४ मिलिग्रॅम झाला. तो नमुन्याच्या सुमारे २५ टक्के भरतो. तोच नमुना चुकीच्या, पातळ द्रावणाने तपासला तर सुमारे २७.६ मिलिलिटर लागतील. ते ०.१ मोलार समजूनच गणित केले जाईल आणि पावडरीत ३९ टक्के क्लोरीन असल्याचा अहवाल निघेल. जुनी, उतरलेली पावडर कागदावर ताज्या पावडरीहूनही जोरकस ठरेल.

हा अहवाल टाकीवर पोचला की काय होते? एक हजार लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे एकूण २ ग्रॅम क्लोरीन द्यायचा आहे. पावडर खरोखर २५ टक्क्यांची असल्याने २ × १०० ÷ २५ = ८ ग्रॅम घ्यायला हवी. अहवालावर विसंबणारा कर्मचारी २ × १०० ÷ ३९, म्हणजे ५.१ ग्रॅमच घेईल. पाण्याला प्रत्यक्षात लिटरमागे १.३ मिलिग्रॅमहून कमी क्लोरीन मिळेल. कर्मचाऱ्याचे गणित बिनचूक आहे, त्याचा तराजूही बरोबर आहे. चूक झाली ती कित्येक मैल दूर, स्फटिकजलाचे ९० ग्रॅम मोजायचे राहून गेले तेथे.

यावर प्रयोगशाळेचा पारंपरिक उपाय असा की, थायोसल्फेटचे द्रावण केवळ वजनाच्या भरवशावर प्रमाणित मानत नाहीत. शुद्ध स्वरूपात मिळणाऱ्या आणि वजनाला टिकाऊ असलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटसारख्या पदार्थाचे द्रावण आधी करतात आणि त्याच्याशी थायोसल्फेट ताडून पाहतात. स्फटिकजलाची चूक झाली असेल तर ती तेथेच उघडी पडते.

आकारमान नेमके किती?

दुसरी चूक आकारमानाची. सूत्रातील आकारमान द्रावणाचे असते, द्रावकाचे नव्हे. एक लिटर पाणी मोजून त्यात द्राव्य घातले, तर तयार झालेले द्रावण बरोबर एक लिटर असेलच असे नाही. शास्त्रशुद्ध रीत अशी : तोललेले द्राव्य चंचुपात्रात थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवावे, द्रावण मापन-फ्लास्कमध्ये ओतावे, चंचुपात्र दोन-तीनदा थोड्या पाण्याने विसळून ते पाणीही फ्लास्कमध्ये घालावे, मग खुणेपर्यंत पाणी भरावे आणि झाकण लावून फ्लास्क उलटसुलट करून द्रावण एकजीव करावे. विसळलेले पाणी फेकून दिले तर त्यासोबत द्राव्याचा काही भागही जातो.

विहिरीच्या किंवा टाकीच्या बाबतीत मापन-फ्लास्क नसतो. तेथे आकारमान मोजूनच काढावे लागते. गोव्यातील चिऱ्यांच्या बहुतेक विहिरी गोल असतात. त्यासाठीचे सूत्र :

पाणी (लिटर) = ३.१४ × व्यास × व्यास × पाण्याची खोली ÷ ४ × १,०००

व्यास आणि खोली दोन्ही मीटरमध्ये घ्यावीत. खोली मोजताना काठापासून तळापर्यंतचे अंतर घेऊन चालत नाही, केवळ पाण्याची उंची घ्यावी लागते. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडावा आणि दोराचा भिजलेला भाग मोजावा. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर ३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर पाणी झाले. लिटरमागे २ मिलिग्रॅमप्रमाणे ५६.५ ग्रॅम क्लोरीन हवा. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर १७१ ग्रॅम, २५ टक्क्यांची असेल तर २२६ ग्रॅम आणि २० टक्क्यांवर उतरली असेल तर २८३ ग्रॅम. एकाच विहिरीला तीन वजने लागू शकतात, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. पावसाळ्यात विहीर दोन मीटर वर आली की हे तिन्ही आकडे दीडपट होतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात लिहून ठेवलेले प्रमाण श्रावणात कामाचे नाही.

शिल्लक किती राहणार?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर पावडरीच्या पोत्यात नसते, पाण्यात असते. पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये, लोह, अमोनिया आणि जंतू हे सारे क्लोरीन खातात. हे खाणे म्हणजे पाण्याची क्लोरीनची मागणी. मागणी भागून जे उरते तो अवशिष्ट क्लोरीन, आणि पुढच्या प्रवासात पाण्याचे रक्षण करतो तो हाच. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण आवश्यक असेल तेथे तो ०.५ असावा. लिटरला २ मिलिग्रॅम दिले आणि तासाभराने ०.५ उरले, तर त्या पाण्याची मागणी १.५ होती. गढूळ पाण्याची मागणी जास्त असते. म्हणूनच स्वच्छ पाण्याला २ मिलिग्रॅम पुरतात, तेथे गढुळाला ४ लागू शकतात. आधी तुरटीने गाळ बसवून मग क्लोरीन देण्याची रीत आहे ती यासाठी.

पावडर किती जुनी आणि पाण्याची मागणी किती, हे दोन्ही ठाऊक नसताना योग्य वजन काढण्याची एक नामी युक्ती ब्रिटिश सैन्यातील वैद्यकीय अधिकारी विल्यम हॉरॉक्स यांनी दिली. हॉरॉक्स पेटी या नावाने ती आजही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकवली जाते. पेटीत २०० मिलिलिटरचे सहा पांढरे पेले, एक काळा पेला आणि सपाट भरला असता २ ग्रॅम पावडर मावणारा चमचा असतो. काळ्या पेल्यात एक चमचा पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि निवळू द्यायचे. सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी घ्यायचे. निवळीचा पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे करत सहाव्यात सहा थेंब टाकायचे. अर्धा तास थांबायचे, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब घालायचे. ज्या पेल्यापर्यंतचा क्लोरीन सगळा खाल्ला गेला तेथे रंग येत नाही, जेथे उरला तेथे निळा रंग येतो. स्पष्ट निळा झालेला पहिला पेला तिसरा असेल, तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागेल.

या युक्तीचे सामर्थ्य असे की, जी पावडर विहिरीत टाकायची तीच चाचणीत वापरली जाते आणि ज्या पाण्यात टाकायची तेच पाणी पेल्यांत असते. पावडर उतरलेली असो वा पाण्याची मागणी जास्त असो, दोन्हींची दुरुस्ती आपोआप होते. आपल्या उदाहरणातील २८,२६० लिटरच्या विहिरीत दुसरा पेला निळा झाला, तर ४ × २८,२६० ÷ ४५५ = २४८ ग्रॅम. सूत्राने काढलेल्या २२६ ग्रॅमच्या हे जवळ आहे. चौथा पेला निळा झाला तर मात्र उत्तर ४९७ ग्रॅम येते, आणि केवळ सूत्रावर विसंबणाऱ्याने विहिरीला निम्म्याहून कमी पावडर दिलेली असते.

केंद्रात बरोबर, नळाला काय?

शुद्धीकरण केंद्रात वजन अचूक झाले म्हणजे घरात पाणी सुरक्षित झाले का? या प्रश्नावर जगभर संदर्भ म्हणून वापरले जाणारे काम हुबळी-धारवाडमध्ये झाले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कर्नाटक नागरी जलक्षेत्र सुधारणा प्रकल्पात बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी येथील काही प्रभागांना चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडमध्ये तो २००८ च्या सुमारास प्रत्यक्षात आला. उरलेल्या शहराला तेव्हा काही दिवसांआड काही तास पाणी मिळत असे. एकाच शहरात, त्याच शुद्धीकरण केंद्रांच्या पाण्यावर, पुरवठ्याच्या दोन रीती शेजारी-शेजारी चालू होत्या. अभ्यासकांना याहून सोयीची तुलना क्वचितच मिळते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन यांनी ही तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साठवण टाक्यांपाशी दोन्ही भागांतील पाण्याच्या गुणवत्तेत मोठा फरक नव्हता. नळापाशी मात्र तो लख्ख दिसला. चोवीस तास पुरवठ्याच्या नळांवरील ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय जिवाणू आढळले, तर अधूनमधून येणाऱ्या पाण्याच्या नळांवर हे प्रमाण ३१.७ टक्के होते. वाहिनी रिकामी पडते तेव्हा तिच्यातील दाब नाहीसा होतो आणि सांध्यांतून, गळतीतून बाहेरचे दूषित पाणी आत शिरू शकते. साचून राहिलेल्या पाण्यात जंतू वाढतात. पुरवठा पुन्हा सुरू झाला की पहिल्या धारेबरोबर हे सारे घरात येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात शहरातील लहान मुले असलेल्या ३,९२२ कुटुंबांची पाहणी झाली. सर्वसाधारण जुलाबांच्या प्रमाणात चोवीस तास पाण्यामुळे ठळक फरक दिसला नाही, परंतु रक्ती जुलाब आणि विषमज्वर मात्र कमी आढळले.

द्राव्याच्या गणिताच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, केंद्रात घातलेला क्लोरीन हा हिशेबाचा आरंभ आहे. वाटेत शिरलेली घाण ही नवी मागणी असते आणि ती मूळ सूत्रात धरलेली नसते. अवशिष्ट क्लोरीन ती काही अंशी भागवतो, पण त्यालाही मर्यादा असते. म्हणून डोसाचे वजन केंद्रात आणि तपासणी नळापाशी, अशी दोन टोके एकमेकांना जोडलेली असावी लागतात. ग्रामीण भागात परिचित असलेली ओटी चाचणी किंवा गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी हे काम काही मिनिटांत करते.

घरच्या टाकीसाठी

जेथे पाणी अधूनमधून येते आणि टाकीत साठवावे लागते, तेथे शेवटचा डोस घरातच देण्याची वेळ येऊ शकते. त्यासाठी थेट पावडर टाकण्यापेक्षा आधी १ टक्का क्लोरीनचे मूळ द्रावण करणे सोयीचे. एक लिटर द्रावणाला १० ग्रॅम क्लोरीन हवा. पावडर २५ टक्क्यांची असेल तर ४० ग्रॅम आणि ३३ टक्क्यांची असेल तर सुमारे ३० ग्रॅम घ्यावी. प्लास्टिकच्या भांड्यात थोड्या पाण्यात तिची खीर करावी, मग एक लिटरपर्यंत पाणी घालून ढवळावे, गाळ बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी वापरावी.

या निवळीच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्लोरीन असतो. एक हजार लिटरच्या टाकीला २ मिलिग्रॅम प्रतिलिटर दराने २,००० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे २०० मिलिलिटर निवळ. ५०० लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर आणि २० लिटरच्या कळशीला ४ मिलिलिटर. नळाच्या पाण्यात आधीच क्लोरीन शिल्लक असेल तर हे प्रमाण कमी करावे लागते. निवळ घातल्यावर किमान तासभर पाणी वापरू नये आणि मग अवशिष्ट क्लोरीन तपासावा. ०.२ पेक्षा कमी निघाला तर डोस अपुरा आहे. उग्र वास आला तर तो जास्त झाला आहे.

मूळ द्रावण फार दिवस ठेवू नये, ते आपोआप उतरत जाते. पावडर हवाबंद डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहावी. ती कधीही आम्लात किंवा आम्लयुक्त प्रसाधनगृह-स्वच्छकात मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

मलप्रभेचे असो वा म्हादईचे, पाणी टीएमसीत वाटले जाते आणि पेल्यात प्यायले जाते. या दोहोंच्या मधले अंतर तराजूवरच्या काही ग्रॅमनी कापायचे असते. ते ग्रॅम ठरवताना डब्यावरचे लेबल, टाकीचे माप आणि नळापाशी झालेली चाचणी या तिन्हींची साक्ष काढावी लागते. तिन्ही जुळल्या, तरच सूत्रातून निघालेल्या वजनावर विसंबता येते.